‘अजिनोमोटो’ : भीती कशाची आणि काळजी कशाची?



रसायनशास्त्र शिकलेला माणूस म्हणून मंडळाच्या स्नेहभोजनात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, “अहो, अजिनोमोटो खरंच विषारी असतं का?” पंगतीत उभ्या उभ्या उत्तर देणे कठीण, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नावाविषयी. ‘अजिनोमोटो’ हे जपानी कंपनीचे नाव. पदार्थाचे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोच्या विद्यापीठातील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. गोड, आंबट, खारट, कडू यांत न बसणाऱ्या या चवीला त्यांनी ‘उमामी’ म्हटले. आपल्या षड्रसांतही तिला स्वतंत्र नाव नाही. पण मटणाच्या रश्शाला किंवा आटवलेल्या टोमॅटोच्या साराला जो भरीवपणा येतो, तो बराचसा हिचाच.

ग्लुटामिक आम्ल हे प्रथिनांचा घटक असलेले एक अमायनो आम्ल आहे. डाळ, दूध, गहू, मांस या सर्वांत ते असते. प्रथिनात बांधलेले असताना त्याची चव लागत नाही. सुटे झाले की लागते. टोमॅटो पिकताना, चीज मुरताना ते सुटे होते. आईच्या दुधातही ते सुट्या रूपात असते. कारखान्यात उसाची मळी किंवा स्टार्च यांवर जिवाणू वाढवून ते आंबवण्याच्या क्रियेने बनवतात आणि सोडियमशी संयोग करून त्याचे पांढरे खडे करतात. शेवाळातले ग्लुटामेट आणि कारखान्यातले ग्लुटामेट यांत जीभ किंवा आतडे भेद करीत नाही.

मग भीती आली कुठून? १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र छापून आले. चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मान बधिर होते, छाती धडधडते, असे त्यांनी लिहिले होते. संभाव्य कारणांत ग्लुटामेटचे नाव होते, आणि तेच लोकांच्या लक्षात राहिले. पुढील चाचण्यांत, ३ ग्रॅम किंवा अधिक ग्लुटामेट अन्नाशिवाय घेतल्यास काही थोड्या व्यक्तींना तात्पुरता त्रास होऊ शकतो, एवढेच दिसले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे अर्धा चमचा पूड. १५ किलोच्या मुलाला मात्र जेमतेम चिमूटभर. तेव्हा विष नव्हे, पण चमच्याने घालण्याची वस्तूही नव्हे.

आता खऱ्या काळजीच्या दोन गोष्टी.

पहिली, मीठ. ग्लुटामेटमध्ये वजनाच्या सुमारे १२ टक्के सोडियम असते, तर मिठात ३९ टक्के. घरी मीठ कमी करून त्याची थोडी जोड दिली तर एकूण सोडियम घटतेही. बाजारच्या पाकिटांत मात्र दोन्ही भरपूर असतात. सुपाच्या वडीत साधारण निम्मे मीठच असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. नूडल्सच्या अनेक पाकिटांत, मसाल्याची पुडी धरून, त्याचा तिसरा हिस्सा संपतो. रक्तदाबाचे औषध चालू असलेल्यांनी ‘अजिनोमोटो नाही ना?’ एवढे विचारून थांबू नये. सोडियमचा आकडा पाहावा. वर्षाखालील बाळाला तर अशी पाकिटे देऊच नयेत.

‘ग्लुटामेट घातलेले नाही’ ही ओळही जपून वाचावी. २०१५ साली भारतात मॅगी नूडल्सवर बंदी आली. मुख्य आक्षेप शिशाचा होता. दुसरा या ओळीचा, कारण तपासणीत ग्लुटामेट सापडले होते. ते मूळ घटकांतले आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी रद्द केली आणि फेरतपासणीनंतर माल बाजारात परतला. विघटित वनस्पती प्रथिन किंवा यीस्टचा अर्क घातला की सुटे ग्लुटामेट आपोआप येते, हे मात्र त्यातून ध्यानात ठेवावे.

दुसरी काळजी शाकाहारी कुटुंबांची. पाकिटावर ६२१ म्हणजे ग्लुटामेट. त्याच्या शेजारी अनेकदा ६२७, ६३१ किंवा ६३५ असते. ६२७ म्हणजे ग्वानिलेट, ६३१ म्हणजे इनोसिनेट, आणि ६३५ या दोहोंचे मिश्रण. ग्लुटामेटसोबत हे किंचित घातले तरी चव कित्येक पटींनी वाढते. मटणाच्या रश्शात टोमॅटो का खुलतो, त्याचे एक कारण हेच : मांसात इनोसिनेट, टोमॅटोत ग्लुटामेट. पण ६३१ मांस-मासळीपासूनही काढतात आणि आंबवूनही बनवतात. नुसत्या आकड्यावरून स्रोत कळत नाही.

गेल्या खेपेस सासूबाई पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या पूर्ण शाकाहारी. जमियातून आणलेल्या भाजीच्या सुपावर ६३१ दिसला. वितरकाला फोन केला, पण खात्रीचे उत्तर मिळेना. तेव्हा ते सूप आम्ही त्यांना दिले नाही. भारतात विक्रीसाठी बनलेल्या मालावर हिरवा ठिपका असतो, तो असेल तर निर्धास्त राहावे. इथे मिळणाऱ्या इतर देशांच्या मालावर तो असेलच असे नाही. हलालचा शिक्काही शाकाहाराची हमी देत नाही. तो प्रश्नच वेगळा.

युरिक आम्ल वाढलेल्यांसाठी एक सूचना : ६२७ आणि ६३१ यांचे शरीरात शेवटी युरिक आम्लच होते. प्रमाण अल्प असले तरी रोजची सवय नको.

भगिनींनी पिकलेले टोमॅटो आटवून, कांदा खरपूस परतून, सुकी अळंबी भिजवून सुपाचा अर्क एकदा करून पाहावा. पाण्याचे मीठ आपल्या हाती राहते, आणि पाहुण्यांच्या पथ्याला व व्रताला धक्का लागत नाही.

आणि पुढच्या वेळी जमियात जाताना चष्मा बरोबर न्यावा. आकडे फार बारीक छापलेले असतात!