डिझेल पिकअपचा धूर आणि मालकाचा इंधनखर्च
सियालदहच्या वाहतुकीच्या निमित्ताने एक अभ्यास

कोलकात्याच्या सियालदह स्थानकात पहाटेच्या उपनगरी गाड्या येऊ लागतात, तेव्हा शहर अजून पुरते जागे झालेले नसते. स्थानकालगतच्या कोले मार्केटमध्ये मात्र व्यवहार सुरू झालेले असतात. आसपासच्या जिल्ह्यांतून रेल्वेने व ट्रकने आलेला भाजीपाला येथे उतरतो. ‘मुटे’ म्हणून ओळखले जाणारे हमाल तो डोक्यावरून वाहतात आणि लहान मालवाहू गाड्या तो शहरभर पोहोचवतात. या गाड्यांमध्ये डिझेलवर चालणाऱ्या पिकअप मोठ्या संख्येने दिसतात व त्यांपैकी अनेक बँकांच्या कर्जातून घेतलेल्या असतात. कर्जाचा हप्ता महिन्यातून एकदा येतो. डिझेल मात्र रोज भरावे लागते. म्हणूनच ‘नव्या गाडीतील प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा मायलेज खाते’ ही तक्रार कितपत खरी आहे, हे ग्राहक आणि बँक कर्मचारी या दोघांनीही समजून घेणे हिताचे आहे.

नियमांची वाटचाल

भारत स्टेज ४ हे मानक २०१० मध्ये कोलकात्यासह तेरा शहरांत आणि १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले. पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ अमलात आले. डिझेलमधील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. १७६० किलोग्रॅमहून अधिक संदर्भ-वजनाच्या हलक्या डिझेल मालवाहू वाहनांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर किलोमीटरला ३९० मिलिग्रॅमवरून १२५ मिलिग्रॅमवर, तर सूक्ष्म कणांची मर्यादा ६० वरून ४.५ मिलिग्रॅमवर उतरली. एवढी मोठी घट केवळ इंजिनात सुधारणा करून साधणारी नव्हती. त्यासाठी धूर बाहेर पडण्याच्या मार्गावर स्वतंत्र यंत्रणा बसवावी लागली.

यंत्रणा कशी चालते?

डिझेल इंजिनापुढे एक मूलभूत पेच असतो. ज्वलन अधिक उष्ण झाले, तर इंधनाचा विनियोग चांगला होतो, पण हवेतील नायट्रोजन व प्राणवायू एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ज्वलन थंड केले, तर ते कमी होतात, पण काजळी वाढते. पुढील सर्व साधने हा पेच सोडवण्यासाठीच आहेत.

पहिले साधन म्हणजे ईजीआर. ते धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडते व ज्वलनाचे तापमान खाली आणते. त्यानंतरचा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट कार्बन मोनॉक्साइड व न जळलेल्या इंधनाचे अंश निरुपद्रवी करतो. तिसरे साधन डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या तिच्या सच्छिद्र भिंतींतून धूर पुढे जातो आणि काजळी मागे राहते. नायट्रोजन ऑक्साइडसाठी मॉडेलनुसार एलएनटी किंवा एससीआर वापरतात. एससीआरमध्ये ३२.५ टक्के युरियाचे द्रावण धुरात फवारले जाते. त्यापासून अमोनिया तयार होतो व नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्याच्या वाफेत होते. या द्रावणाला बाजारात डीईएफ म्हणतात.

मायलेज कोठे जाते?

गाळणीमुळे धुराच्या मार्गात थोडा अडथळा येतो, हे खरे. परंतु अधिक महत्त्वाची बाब म्हणजे साचलेली काजळी जाळण्याची क्रिया, ‘रिजनरेशन’. त्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. मोकळ्या रस्त्यावर सलग धावणाऱ्या गाडीत हे काम सुलभपणे पार पडते. सियालदहच्या परिसरात, उड्डाणपुलाखालच्या गर्दीत किंवा महात्मा गांधी मार्गावर रखडत चालणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापतच नाही. मग संगणक जादा डिझेल फवारून तापमान वाढवतो. तेवढ्यात माल उतरवण्याचे ठिकाण येते, चालक इंजिन बंद करतो आणि क्रिया अर्धवट राहते. पुढच्या फेरीत पुन्हा तोच खर्च होतो. शिवाय जादा डिझेलचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करतो. एलएनटी असलेल्या गाडीत तिच्या शुद्धीकरणासाठीही अधूनमधून थोडे इंधन लागते.

उलट एससीआरमुळे इंजिन अधिक कार्यक्षम ज्वलनासाठी जुळवता येते. त्यामुळे डीईएफचा खर्च आला, तरी डिझेलमध्ये बचत होऊ शकते. सारांश, यंत्रणा म्हणजे मायलेजचा तोटा हे समीकरण सरसकट खरे नाही. गाडी कोणत्या कामाला जुंपली आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

एक हिशेब

समजा, एक पिकअप रोज ५० किलोमीटर याप्रमाणे महिन्यात २५ दिवस धावते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. १२५० किलोमीटरसाठी तिला सुमारे १०४ लिटर डिझेल लागेल. गाळणीच्या अडथळ्यामुळे ३ टक्के इंधन जादा जाते असे धरले, तरी ते सुमारे ३ लिटर होते. डिझेलचा दर ९० रुपये धरल्यास महिन्याला जेमतेम २८० रुपये.

आता दुसरी बाजू पाहू. उभ्या गाडीचे चालू इंजिन तासाला सुमारे ०.७ लिटर डिझेल जाळते असे मानू. माल भरण्याच्या रांगेत रोज एक तास इंजिन चालू राहिले, तर २५ दिवसांत १७.५ लिटर, म्हणजेच १५७५ रुपये खर्च होतात. ज्या गाळणीवर दोष येतो, तिच्यापेक्षा रांगेतली ही सवय पाचपटीहून अधिक महाग पडते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक मालकाने ते आपल्या नोंदवहीतून काढावेत.

गाळणी काढण्याचा मोह

काही ठिकाणी गाळणी आतून पोकळ करून व संगणकाची आज्ञावली बदलून देण्याचा सल्ला मिळतो. वरील हिशेब पाहता बचत किरकोळ आहे, जोखीम मात्र मोठी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० अन्वये वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. उत्पादकाची हमी धोक्यात येते आणि वाहन हेच बँकेचे तारण असल्याने त्याचे मूल्यही घटते.

याहून गंभीर प्रश्न आरोग्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. हा धूर सर्वप्रथम कोणाच्या छातीत जातो? रोज पहाटे गाडीच्या मागे उभे राहून माल चढवणाऱ्या हमालाच्या, आणि मग स्वतः चालकाच्या.

कोलकात्याने या प्रश्नाचे कटू रूप पाहिले आहे. ऑटोरिक्षांत वापरल्या जाणाऱ्या भेसळयुक्त इंधनाला तेथे ‘काटा तेल’ असे नाव पडले होते. अखेर कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ मधील आदेशानुसार १९९३ पूर्वी नोंदलेली व्यावसायिक वाहने २००९ मध्ये महानगर क्षेत्रातून हद्दपार झाली. उपजीविकेचे साधन एका आदेशाने थांबू शकते, हा धडा कर्ज घेणाऱ्याने आणि देणाऱ्यानेही लक्षात ठेवावा.

ग्राहकांनी व शाखांनी काय करावे?

१. गाळणीचा दिवा लागल्यास उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी. सियालदहच्या चालकाला पहाटेचा ईस्टर्न मेट्रोपॉलिटन बायपास त्यासाठी सोयीचा आहे. रिजनरेशन चालू असताना शक्यतो इंजिन बंद करू नये.

२. उत्पादकाने सांगितलेले कमी राखेचे इंजिन ऑइलच वापरावे. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची साठत जाते.

३. इंधन व डीईएफ खात्रीच्या ठिकाणीच घ्यावे. भेसळ सुटे भाग निकामी करते.

४. रांगेत इंजिन बंद ठेवावे. चाकांतील हवा व एअर फिल्टर नियमित तपासावेत.

५. खरेदीपूर्वी कामाचे स्वरूप ठरवावे. रोज लांब पल्ला असेल तर डिझेल योग्य ठरते. अंतर कमी व थांबे अनेक असतील, तर सीएनजी किंवा विद्युत वाहनाचाही तुलनात्मक विचार करावा.

६. शाखांतील सहकाऱ्यांनी कर्जप्रस्ताव तपासताना अर्जदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘गाडी रोज किती चालेल आणि किती वेळ उभी राहील?’ परतफेडीच्या अंदाजात इंधनाबरोबर देखभालीचाही खर्च धरावा.

सियालदहहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे नाव आहे. रसायनशास्त्र प्रयोगशाळेबाहेर आणून त्यांनी बंगालमध्ये उद्योग उभा केला. त्याच रस्त्यावर उभ्या असलेल्या पिकअपच्या पोटात आज एक छोटी रसायनशाळा चालू आहे. तिचे काम समजून घेणारा मालक डिझेल वाचवील आणि आपला हप्ताही वेळेवर भरू शकेल.