‘सांगत्ये ऐका’ : सांगणारीचा आवाज आणि लिहिणाऱ्याचा हात

स्त्रियांची आत्मचरित्रे हा आपल्या पदव्युत्तर वर्गांत आवर्जून शिकविला जाणारा भाग आहे. रमाबाई रानडे आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यावर तासच्या तास खर्ची पडतात. मात्र हंसा वाडकर यांचे नाव निघाले, की कल्याण-डोंबिवली परिसरातील विद्यार्थीही तोच प्रश्न विचारतात, जो इतरत्र विचारला जातो : ‘पुस्तक त्यांनी स्वतः लिहिलेच नाही, मग ते आत्मचरित्र कसे?’ प्रस्तुत लेखिकाही कित्येक वर्षे ‘शब्दांकित’ एवढा शेरा मारून पुढच्या पुस्तकाकडे वळत असे. तो शेरा अपुरा होता, हे पुढील विवेचनातून स्पष्ट व्हावे.

(१) हंसा वाडकर (१९२३–१९७१) यांचे मूळ नाव रतन साळगावकर. कलावंत घराण्याची पार्श्वभूमी आणि घरची ओढगस्त यांमुळे शाळकरी वयातच त्यांना चित्रपटात यावे लागले. ‘विजयाची लग्ने’ (१९३६) हा त्यांचा आरंभीचा चित्रपट. पुढे बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’ (१९३९), प्रभातचा ‘संत सखू’ (१९४१) आणि राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले. एकीकडे सोशिक संत स्त्री आणि दुसरीकडे तमाशातील कलावंतीण, अशा दोन टोकांच्या भूमिका त्यांनी सारख्याच सहजतेने केल्या. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा त्यांच्या कीर्तीचा कळस होय. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला.

या यशाची दुसरी बाजू आत्मकथनात येते. लग्नानंतर चित्रपट सोडून संसार करावा, ही त्यांची इच्छा. परंतु घर त्यांच्याच कमाईवर चाललेले. प्रपंचाची ओढ, मातृत्वाची आस, पतीशी बेबनाव, घर सोडून मराठवाड्यातील एका खेड्यात काढलेले दिवस, मद्याचे व्यसन, हे सारे त्या सांगतात. विशेष असे, की त्यात स्वतःचे समर्थन जवळजवळ नाही. जेथे वाचक सफाईची अपेक्षा करतो, तेथे त्या घटना सांगून मोकळ्या होतात.

(२) हे कथन प्रथम ‘माणूस’मधून प्रसिद्ध झाले आणि १९७० मध्ये राजहंस प्रकाशनाने ते ग्रंथरूपात आणले. शब्दांकन अरुण साधू यांचे. ग्रंथाला नाव दिले गेले ते त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचेच. १९५९ मध्ये हे शब्द एका पात्राच्या तोंडचे होते. १९७० मध्ये ते पात्र रंगविणाऱ्या स्त्रीचे झाले.

या शीर्षकाचे व्याकरण लक्षात घेण्यासारखे आहे. ‘सांगत्ये’ हे घरगुती बोलण्यातील रूप स्त्रीचेच असू शकते. कर्तृपद न उच्चारताही बोलणारी कोण ते कळते. ‘ऐका’ हे आज्ञार्थी रूप समोर श्रोता आहे असे गृहीत धरते. अभिनेत्रींच्या अन्य दोन ग्रंथांची शीर्षके याच्या शेजारी ठेवावीत. शांता आपटे यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हा प्रश्न आहे. चित्रपट-व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी तो विचारलेला आहे. दुर्गा खोटे यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) हे स्वनामाचे प्रतिष्ठित उच्चारण आहे. हंसाबाईंच्या शीर्षकात नाव नाही आणि प्रश्नही नाही; आहे ती केवळ सांगण्याची क्रिया. ज्या स्त्रीचे पडद्यावरील नाव आणि कमाई ही दोन्ही इतरांच्या सोयीने ठरत गेली, तिच्यापाशी स्वतःची म्हणून हीच क्रिया उरली होती, असे म्हणता येईल. पुढे इंग्रजी अनुवादाला ‘यू आस्क, आय टेल’ (२०१३) असे नाव मिळाले. त्यात विचारणारा आधी आला आणि क्रियापदातील स्त्रीत्व मावळले.

(३) आता मूळ आक्षेपाकडे वळू. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही मराठीला नवलाची गोष्ट नाही. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, असे परंपरा मानते. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी टिपून घेतल्या आणि १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या. ती कविता बहिणाबाईंची नव्हे, असे कोणी म्हणत नाही. मग हीच सवलत हंसाबाईंना नाकारताना आपण लेखनाची शुद्धता जपतो, की सांगणारीची सामाजिक पायरी पाहतो? हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःला विचारणे आवश्यक आहे.

अर्थात, शब्दांकनाचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. निवड, क्रम आणि प्रकरणांची जुळणी यांत साधूंचा हात असणारच. तथापि संहितेतील तुटक वाक्ये, मध्येच वळणारी आठवण आणि थेट श्रोत्याला उद्देशून बोलण्याची लकब या गोष्टी मौखिकतेच्या खुणा आहेत. शब्दांकनकाराने त्या पुसल्या नाहीत, यातच त्याचा संयम दिसतो. ‘आवाज कोणाचा?’ आणि ‘रचना कोणाची?’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर हा ग्रंथ नेमकेपणाने वाचता येतो.

(४) याच आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) हा हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटील यांना त्यातील अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथाही गौरविली गेली. हंसाबाई तो पाहण्यास हयात नव्हत्या. चित्रपट श्रेष्ठ आहे. पण त्यात आपण एका स्त्रीकडे पाहतो. ग्रंथात ती आपल्याला ऐकावयास लावते. ‘भूमिका’ या शब्दाला मराठीत पात्र आणि मत असे दोन अर्थ आहेत. चित्रपटात पहिला अर्थ ठळक होतो. दुसऱ्यासाठी ग्रंथाकडेच परतावे लागते.

सारांश, ‘सांगत्ये ऐका’ ही चित्रपटसृष्टीतील रंजक हकिगत म्हणून बाजूला ठेवण्याजोगी संहिता नव्हे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद बोलणाऱ्या एका कलावतीने येथे स्वतःचे बोलणे दुसऱ्याकडून लिहवून घेतले आहे. अभ्यासक्रमात तिला ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी स्थान मिळाले, तर लेखनाबरोबर सांगण्याचाही इतिहास आपल्या विद्यार्थ्यांपुढे येईल.