इन्सुलिन आणि वैशाखाचें ऊन

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत वैशाख लागला म्हणजे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत दूध नासतें, भाजी कोमेजते, हें लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु घरांतील इन्सुलिनची बाटलीही उष्णतेनें बिघडते, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें.

मागें आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत असा प्रसंग घडला. घरच्या आजींस मधुमेह. सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घेण्याचा त्यांचा नेम कधीं चुकला नाहीं. तरी रक्तांतील साखर कांहीं केल्या उतरेना. घरच्यांचा संशय फडताळांतील कुंथलगिरीच्या पेढ्यांवर गेला. आजी चोरून खातात, असें सूनबाई म्हणाल्या, नातवंडें हसलीं, आणि आजी दोन दिवस कोणाशीं बोलल्या नाहींत. बाटली चुलीच्या वरच्या फळीवर होती, तिकडे मात्र कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं.

त्या बाटलींत काय घडलें असावें, तें आतां पाहूं.

इन्सुलिन हें एक प्रथिन होय. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओंवलेली माळ. इन्सुलिनमध्यें अशा दोन माळा एकमेकींस जोडलेल्या असतात. एकींत २१ मणी व दुसरींत ३०. हा क्रम केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनीं वर्षानुवर्षें खपून १९५५ पर्यंत उलगडला. त्यापूर्वींच, १९२२ च्या जानेवारींत, टोरांटो येथें लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें पहिल्यानें टोचण्यांत आलें होतें. तें गुरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलें होतें. पुढें १९८२ सालीं जंतूंकडून बनवून घेतलेलें मानवी इन्सुलिन बाजारांत आलें.

नुसती माळ असून भागत नाहीं. ती ठराविक रीतीनें दुमडलेली असावी लागते. तिच्यांतील कांहीं मण्यांस पाण्याचा तिटकारा असतो, ते घडीच्या आंत दडून बसतात. उष्णतेनें घडी सैल झाली कीं हे मणी उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूच्या तशाच उघड्या मण्यांस बिलगतात. मग दुरडींत भाकरीवर भाकरी ठेवीत जावी तशी रेणूंची चळत चढत जाऊन लांबच लांब तंतु तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारें लाखाव्या हिश्श्याएवढी. या चळतींत एकदां बसलेला रेणु सहसा सुटत नाहीं, आणि आपलें कामही करीत नाहीं. आम्लयुक्त द्रावणांत इन्सुलिन तापविलें असतां असे तंतु बनतात, याचें वर्णन डेव्हिड वॉ या शास्त्रज्ञानें १९४६ सालींच केलें होतें.

हलविण्यानेंही तेंच होतें. द्रव व हवा जेथें भेटतात तेथें रेणु उलगडूं लागतात. म्हणून बाटली खळखळून हलवूं नये. औषध करणारे बहुधा तिच्यांत जस्ताचा अंश घालतात, त्यायोगें सहा-सहा रेणु एकत्र बांधलेले राहतात व सुटे पडून उलगडण्याचा धोका कमी होतो. आपल्या स्वादुपिंडांतही इन्सुलिन असेंच जस्ताशीं बांधून सांठविलेलें असतें. निसर्गाची युक्ति माणसानें उचलली, एवढेंच.

यांतील सर्वांत विलक्षण गोष्ट आमच्या गृहिणींस चटकन् समजेल. दुधास विरजण लावलें म्हणजे दहीं लवकर लागतें. त्याचप्रमाणें तयार तंतूचा एखादा तुकडा चांगल्या इन्सुलिनमध्यें पडला तर नवे तंतु झपाट्यानें बनूं लागतात. विरजणांत सजीव जंतु असतात, येथें सजीव असें कांहींच नसतें. तुकडा केवळ सांच्याचें काम करतो. तेव्हां जुन्या बाटलींतील उरलेलें औषध नव्या बाटलींत ओतण्याची काटकसर कोणीं करूं नये.

हे तंतु केवळ बाटलींतच होतात असें मात्र नाहीं. १८५४ सालीं जर्मन वैद्य विरखो यांस शरीरांतील अशा सांक्यावर आयोडिनचा रंग चढलेला दिसला. त्यांनीं त्यास पिष्टासारखें समजून ‘अमिलॉइड’ हें नांव दिलें. तें प्रथिन आहे हें पांच वर्षांनीं उघड झालें, पण चुकीचें नांव टिकलें. स्मृतिभ्रंशाच्या ज्या रोगाचें वर्णन आल्झायमर यांनीं १९०६ सालीं केलें, त्यांतही मेंदूंत असे तंतु सांचतात. मधुमेहाच्या सामान्य प्रकारांत स्वादुपिंडांतच अमिलिन नांवाच्या दुसऱ्या प्रथिनाचे तंतु आढळतात. आणि रोज एकाच जागीं सुई टोचल्यास क्वचित् त्वचेखालीं खुद्द इन्सुलिनच्या तंतूंची गांठ होते. म्हणून जागा बदलण्यास सांगतात.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यांत मुळींच नको, कारण गोठलेलें इन्सुलिनही निकामी होतें. उघडलेली बाटली साधारणपणें तीस अंशांखालीं सुमारें चार आठवडे चालते; सोबतचा कागद वाचावा. जेथें शीतकपाट नाहीं तेथें मातीचें मडकें उपयोगीं पडतें. मोठ्या मडक्यांत लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी, वर ओलें फडकें घालावें, आणि बाटली कोरड्या डबींत बंद करून आंत ठेवावी. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यांत पाणी भराभर उडून आंत चांगला गारवा राहतो. पावसाळी दमट हवेंत तो तितका राहत नाहीं.

स्वच्छ दिसणारें इन्सुलिन गढूळ झालें किंवा त्यांत धागे दिसले तर तें टाकावें. कांहीं प्रकार मुळांतच दुधाळ असतात. ते तळहातांत हळूच फिरविल्यावरही गुठळ्या राहिल्या तर ते वाईट. मात्र कधीं कधीं डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं आणि जोर तेवढा गेलेला असतो.

आजींच्या घरीं डॉक्टरांनीं बाटली खिडकीच्या उजेडांत धरली, तेव्हां त्या पाण्यासारख्या औषधांत बारीक तंतु तरंगतांना सर्वांनीं पाहिले. नवी बाटली आली. मधल्या दिवसांत वाढविलेली मात्रा डॉक्टरांनीं पुन्हा कमी करून दिली, नाहीं तर ताज्या औषधानें साखर एकदम खालीं जाऊन आजींस घेरी आली असती. पेढ्यांचा विषय कोणीं काढला नाहीं. मडक्यावरील फडकें सकाळ-दुपार भिजविण्याचें काम तेवढें सूनबाईंनीं आपणहून आपल्याकडे घेतलें.