वादळाचा पाठलाग नव्हे, ठाण मांडून निरीक्षण

मराठवाड्यात मार्च ते मे या काळात, आणि पुन्हा मोसमी पाऊस परतत असताना ऑक्टोबरमध्ये, दुपारनंतर उभी राहणारी गडगडाटी वादळे हौशी हवामान-निरीक्षकाला इतर कोणत्याही आकाशदृश्यापेक्षा अधिक खुणावतात. वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे ज्या पट्ट्यात एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यात तापलेल्या जमिनीवरची हवा वेगाने वर चढते व काही तासांत दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग तयार होतो. त्याचा माथा वरच्या थरातील वाऱ्याने पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट दिसू लागला, की तो पूर्ण वाढीच्या जवळ आला असे समजावे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा परिसर सपाट असून क्षितिज मोकळे असल्यामुळे हा माथा फार दूरवरून दिसतो, आणि दूरवरून दिसतो म्हणूनच मोटारसायकल काढून त्याच्या दिशेने जाण्याचा मोह होतो. या परिसरात निरीक्षण करताना आलेल्या अनुभवांतून प्रस्तुत लेखकाचे मत असे बनले आहे, की येथे हा मोह टाळल्याखेरीज निरीक्षण सुरक्षितही होत नाही आणि उपयुक्तही ठरत नाही.

वादळाचा पाठलाग करण्याची पद्धत अमेरिकेच्या मैदानी राज्यांत रुजली, कारण तेथे चौकटीत आखलेले पक्के रस्ते आणि रडारचे दाट जाळे आहे. तरीही 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रिनो येथे टोर्नेडोने अचानक दिशा व वेग बदलला, आणि टिम समरास हे अत्यंत अनुभवी संशोधक, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग यांच्यासह मृत्युमुखी पडले. पूर्णा परिसरात यातील एकही सोय नाही. येथील काळी माती पहिल्याच जोराच्या सरीत इतकी चिकट होते, की पाणंद रस्त्यावर गेलेले वाहन जागीच रुतते. पूर्णा आणि गोदावरी या दोन नद्यांवरचे पूल मोजके आहेत, आणि ओढ्यांवरचे कमी उंचीचे पूल परतीच्या वेळी पाण्याखाली गेलेले असू शकतात.

मोबाइलवर दिसणाऱ्या रडारच्या चित्रावर विसंबणेही येथे धोक्याचे आहे. हैदराबादचे रडार पूर्णेपासून सुमारे 250 किलोमीटरवर, तर नागपूरचे सुमारे 300 किलोमीटरवर आहे. रडारची किरणशलाका जवळजवळ सरळ जाते आणि पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र तिच्याखाली वळत राहतो, त्यामुळे एवढ्या अंतरावर ती जमिनीपासून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवरून जाते. म्हणजे ढगाचा वरचा भाग दिसतो, पण जमिनीलगतचा वारा आणि पावसाचा पडदा दिसत नाही. शिवाय हे चित्र काही मिनिटे जुने असते, आणि वळवाच्या वादळात तेवढ्या वेळात बरेच काही घडून जाते.

सर्वांत मोठा धोका विजेचा, आणि तो पाऊस सुरू होण्यापूर्वी व थांबल्यानंतर अधिक फसवा असतो. वीज मुख्य ढगापासून दहा किलोमीटर किंवा त्याहून दूरही पडू शकते, त्यामुळे ‘पाऊस अजून लांब आहे’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. आवाजाला एक किलोमीटर अंतर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर राहिले, की छायाचित्र अपुरे असले तरी आत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर येऊ नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरात पडत असलेल्या विजांची माहिती देते, पण गडगडाट कानावर येत असेल तर ॲप काय दाखवते याची वाट पाहण्याचे कारण नाही. लिंब किंवा चिंचेच्या झाडाखाली थांबणे सर्वांत घातक, कारण झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसाकडे उडी घेते आणि मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. आखाड्यावरचा चारही बाजूंनी उघडा पत्रा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. पक्के घर किंवा काचा लावलेली, धातूच्या छताची चारचाकी हाच खरा आसरा होय. लोहमार्गाच्या रुळांवर दूर पडलेली वीजही धावत येऊ शकते. पूर्णा या रेल्वे जंक्शनच्या गावात मोकळ्या आकाशासाठी रुळांकडे जाणाऱ्या तरुणांना हे आवर्जून सांगावे लागते.

ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तिला अधोमुखी झोत म्हणता येईल. धुळीची भिंत पुढे सरकताना दिसली, तर तो झोत काही मिनिटांवर आला आहे असे धरावे व पत्रे, फलक आणि विजेच्या तारांपासून दूर व्हावे. गारा मोजण्याचा उत्साह पाऊस थांबेपर्यंत आवरावा, कारण पाच सेंटिमीटर व्यासाची गार ताशी सुमारे 100 किलोमीटर वेगाने खाली येते. फेब्रुवारी-मार्च 2014 मधील गारपिटीने मराठवाड्यातील गहू, ज्वारी, हरभरा आणि फळबागा झोडपल्या, त्या वेळी गारांचा आकार व त्या पडण्याची नेमकी वेळ यांची गावोगावची नोंद असती, तर नुकसानीचे चित्र अधिक स्पष्ट झाले असते.

पुराचे गणित आणखी वेगळे आहे. येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे पूर्णा नदीच्या वरच्या अंगाला असल्याने, गावावर स्वच्छ ऊन असतानाही सोडलेले पाणी काही तासांनी येऊन पोहोचते. आणि कंठेश्वरजवळच्या संगमावर गोदावरी फुगलेली असेल, तर पूर्णेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही व ते मागे तुंबते. म्हणून नदीकाठी चित्रण करण्यापूर्वी विसर्गाची सूचना पाहावी, आकाश पाहून ठरवू नये.

निरीक्षणासाठी एकच जागा, शक्यतो पक्क्या घराची आतली खिडकी, निवडावी आणि वर्षानुवर्षे तीच ठेवावी. महसूल मंडळात ‘महावेध’ या प्रकल्पाचे एक स्वयंचलित हवामान केंद्र असले, तरी वळवाचा जोरदार पट्टा काही किलोमीटरच रुंद असू शकतो, आणि एका शिवारात 65 मिलिमीटर पडत असताना शेजारचे शिवार कोरडे राहते. अशा वेळी साध्या पर्जन्यमापकाने रोज सकाळी साडेआठला घेतलेली नोंद, वाऱ्याची दिशा, पहिल्या गडगडाटाची वेळ आणि फूटपट्टीशेजारी ठेवून काढलेले गारेचे छायाचित्र यांना मोल येते. या नोंदीवरून उद्याचा अंदाज मात्र वर्तवू नये, कारण गावातील शेतकरी त्या शब्दावर काढलेले पीक झाकायचे की उघडे ठेवायचे हे ठरवतो. अंदाजासाठी त्याला हवामान खात्याचा इशारा किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दाखवावा. ज्या दिवशी वादळाचा इशारा होता आणि काहीच घडले नाही, त्या दिवसाची ओळही वहीत लिहावी, कारण ती नसेल तर पुढे वही वाचणाऱ्याला त्या दिवशी वादळ आले नव्हते की निरीक्षकच हजर नव्हता, हे ठरवता येत नाही.