डब्यावरचे नाव आणि डब्यावरची अक्षरे

इंजिनाची कामगिरी ऑइल कोणत्या कंपनीचे आहे यावर ठरते, असा वाहनधारकांत रूढ समज असला, तरी इंजिनाच्या दृष्टीने कंपनीच्या नावापेक्षा डब्यावर बारीक टाइपात छापलेली अक्षरे अधिक महत्त्वाची असतात. ‘१०डब्ल्यू-३०’ ही खूण श्यानता, म्हणजे तेलाचा वाहण्यास होणारा विरोध, दर्शवते. त्यातील ‘डब्ल्यू’सह असलेला आकडा थंडीतील वागणुकीचा, तर दुसरा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या घट्टपणाचा असतो. ‘एपीआय’पुढील अक्षरे तेलाची प्रत सांगतात, पेट्रोल इंजिनांसाठीच्या प्रतींपैकी ‘एसएन’ २०१० मध्ये आणि ‘एसपी’ २०२० मध्ये लागू झाली. तिसरी खूण ‘जासो’ या जपानी मानकाची असून १९९८ पासून ती चार-स्ट्रोक दुचाकींच्या तेलासाठी वापरली जाते.

या तिसऱ्या खुणेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत खारेपाटणातील एका मोटारसायकलधारकाला मोजावी लागली. त्याने नामांकित कंपनीचे, महागडे, परंतु मोटारकारसाठी बनवलेले ऑइल निवडले आणि श्यानता जुळत असल्याने शंकेला जागा नाही असे मानले. महामार्गावर तळेऱ्यापर्यंतच्या फेऱ्यांत काहीच जाणवले नाही; मात्र मागे माणूस बसवून भुईबावडा घाट चढताना ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढे, पण गाडी ओढत नसे. मेस्त्रींच्या भाषेत क्लच ‘स्लिप मारत’ होता. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑइल पुरवले जाते व क्लचप्लेटा त्यात भिजलेल्या अवस्थेतच परस्परांना घट्ट धरतात. कारच्या पातळ ऑइलमध्ये इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये अनेकदा मिसळलेली असल्याने ती पकड सुटते. म्हणूनच अशा क्लचसाठी ‘एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण लागते, तर ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल ज्यांचा क्लच तेलात नसतो अशा स्कूटरांना चालते.

मालकाने आधी ऑइल बनावट असल्याचा संशय धरला. पण गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ‘एमए’ ही अट स्पष्ट छापलेली होती. तोवर प्लेटा जळाल्यामुळे त्या बदलाव्या लागल्या आणि पुढे स्वस्त, परंतु योग्य खुणांच्या ऑइलवर तीच गाडी तोच घाट विनातक्रार चढली.

निरनिराळ्या कंपन्यांच्या मूळ तेलात आणि मिश्रद्रव्यांत फरक असतो हे खरे; परंतु योग्य खुणा जुळल्यावर तो रोजच्या वापरात चालकाला क्वचितच जाणवतो. ऑइल बदलताच गाडी हलकी वाटली, तर त्याचे श्रेय बहुधा नव्या कंपनीला नसून झिजलेले तेल निघून गेल्याला असते. तेव्हा पुस्तिकेतील खुणा पाहून सीलबंद डबा पावतीसह घ्यावा, पातळी नियमित तपासावी आणि किलोमीटर किंवा महिने यांपैकी जी मर्यादा आधी येईल तेव्हा ऑइल बदलावे. तेल काळे पडणे हे बिघाडाचे लक्षण नव्हे, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. याउलट पावसाळ्यात, केवळ बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नसल्याने आतील ओल उडून जात नाही. अशा वेळी तेल दुधाळ दिसल्यास डब्यावर कोणाचेही नाव असले, तरी ते काढून टाकावे आणि पाणी कोठून आले ते मेस्त्रींकडून तपासून घ्यावे.