पाना खाली ठेव

चि. सुनील,

पुरुषोत्तमनगरला उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत तुमच्या म्हसावदचा एक ड्रायव्हर भेटला. म्हणाला, "तुमचा भाचा हुशार. किल्लीनं ट्रॅक्टर सुरू झाला नाही की खाली उतरून स्टार्टरवर पाना टेकवतो, लगेच चालू!" तो कौतुकानं सांगत होता. माझ्या घशाखाली चहा उतरेना.

अरे, त्या वेळी तू उभा कुठे असतोस? मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात. किल्लीतून निघालेला करंट आधी क्लचच्या, मग न्यूट्रलच्या स्विचमधून स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर जातो. गियर पडलेला असला की तो वाटेतच अडतो, ते तुझ्या जिवासाठीच. पाना लावलास की मधलं सगळं वगळलं जातं. गियरमधला ट्रॅक्टर चालू होताच पुढे येतो, बाजूला व्हायलाही सवड नसते. कोणी स्विच काढून वायर डायरेक्ट केली असेल तर तीही आजच पूर्ववत कर. भाऊजी गेल्यावर ताई कशी उभी राहिली, ते तू पाहिलंयस ना?

दोष शोधणं अवघड नाही. चाकांना दगड लाव, गियर न्यूट्रलला, पीटीओ बंद. बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर साफ कर, अर्थची पट्टी घट्ट आहे का बघ. मग सोलेनॉइडची बारीक वायर काढून ठेव, म्हणजे तपासताना इंजिन फिरणार नाही. कोणाला तरी सीटवर बसवून क्लच दाबून किल्ली स्टार्टला धरायला सांग. १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं एक टोक चेसिसला, दुसरं आधी किल्लीच्या मागे, मग क्लचच्या स्विचच्या अलीकडे-पलीकडे, तसंच न्यूट्रलच्या, शेवटी त्या काढलेल्या वायरीला. जिथपर्यंत दिवा लागतो तिथपर्यंत सगळं ठीक. पुढे विझला की दोष त्या मधल्या टप्प्यात. बहुतेक वेळा क्लचच्या स्विचचा दांडा चिखलानं अडकलेला असतो, नाहीतर उंदरानं वायर कुरतडलेली. शेवटपर्यंत दिवा लागला तर सोलेनॉइड किंवा स्टार्टर. ते इलेक्ट्रिशियनकडेच ने. पण पाना नाही.

हेच काम शिकायला दादा मला धुळ्याला आयटीआयला पाठवत होते. पण मिरचीच्या पथारीवर रोजगार मिळत होता, त्यातच रमलो. आजही कोणी वायरिंगचा हार्नेस उघडून बसलं की मी बघत उभा राहतो. तुझ्या बोटांत ते उपजत आहे, म्हणून जीव जास्त तुटतो.

रागावलो, मनाला लावून घेऊ नकोस. रात्रीच्या ट्रॉल्या तू एकटा ओढतोस, झोप अपुरी, खेप चुकायची भीती. सगळं कळतं मला. खेप चुकली तर चुकू दे, पैशांचं मी बघतो. रविवारी नवा स्विच घेऊन येतो, दोघं मिळून बसवू. मामी मुगाचे लाडू देतेय, तुला आवडतात तसे जास्त तुपाचे. तोवर पाना लावू नकोस रे बाळा. ट्रॅक्टर उभा राहू दे.

तुझा,
मामा