ओव्हनमधले भाजणे : वरचा रंग आणि आतली उष्णता

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी एकाच घरातले चौघे जण माझ्या दवाखान्यात आले. जुलाब, पोटात मुरडा, अंगात ताप. चौकशी करता कळले की, नवा इलेक्ट्रिक ओव्हन घेतल्याच्या आनंदात शुक्रवारी रात्री घरी कोंबडी भाजली होती. वरून ती छान तांबूस झाली होती. हाडाजवळ मात्र मांस गुलाबी होते. "तंदुरी अशीच असते" असे म्हणून सर्वांनी ती खाल्ली. फक्त वरण-भात खाल्लेल्या आजीबाई तेवढ्या ठणठणीत होत्या! त्या गृहिणीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पुस्तकात दिला होता तेवढाच वेळ ठेवली होती. मग चुकले कुठे?"

आजच्या लेखात या प्रश्नाचे उत्तर पाहू. तळण कमी व्हावे म्हणून मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना मी स्वतःच भाजलेले पदार्थ सुचवतो. त्यामुळे नीट भाजायचे कसे, हे सांगणेही माझे काम आहे.

मराठीत आपण सगळ्यालाच 'भाजणे' म्हणतो. ओव्हनमध्ये त्याचे तीन प्रकार होतात. केक, बिस्किटे, नानकटाई यांना चहूबाजूंनी सारखी, मध्यम उष्णता लागते. याला बेकिंग म्हणतात. कोंबडी, बटाटे, भाज्यांचे मोठे तुकडे थोड्या जास्त उष्णतेवर सावकाश भाजणे म्हणजे रोस्टिंग. वरच्या तापलेल्या सळईखाली पनीर, मासे यांचे पातळ तुकडे झटपट भाजणे म्हणजे ग्रिलिंग. आपल्या आज्या भानोले किंवा धोंडस करताना पातेल्याच्या खाली आणि झाकणावर निखारे ठेवीत. ओव्हनमधल्या खालच्या-वरच्या सळया म्हणजे तेच निखारे समजा. ग्रिल करताना फक्त वरचे निखारे पेटलेले असतात. त्यामुळे जाड तुकडा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

आता त्या गृहिणीच्या प्रश्नाकडे वळू. पुस्तकातली वेळ ही आधीच तापलेल्या ओव्हनसाठी असते. थंड ओव्हनमध्ये पदार्थ ठेवून घड्याळ लावले, तर पहिली दहा मिनिटे ओव्हन तापण्यातच जातात. दुसरे कारण आपल्याकडच्या विजेचे. संध्याकाळी व्होल्टेज उतरते, हे आपण बल्बच्या पिवळ्या उजेडावरून ओळखतो. ओव्हनचेही तेच होते. २३० व्होल्टला १५०० वॅटने चालणारा ओव्हन १८० व्होल्टला जेमतेम ९२० वॅटने चालतो. म्हणजे उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटते. तिसरे कारण, फ्रीजरमधली कोंबडी पुरती न वितळता भाजायला ठेवणे. त्या घरी ही तिन्ही कारणे एकत्र आली होती.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू असू शकतात. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, अगदी मधोमध ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की ते मरतात. ओव्हनच्या बटणावर २०० लिहिले आहे, म्हणजे तुकड्याच्या आत २०० झाले असे नव्हे. वरचा रंग पाहूनही आतले कळत नाही, कारण दही, तिखट आणि हळद यांनी रंग आधीच आलेला असतो. दह्या-लिंबात मुरवल्याने जंतू मरतात, हाही गैरसमज आहे. टोकदार सळईचा अन्नाचा थर्मामीटर मिळाला तर अवश्य घ्यावा. हाडाला न टेकवता तो तुकड्यात खुपसून पाहावा. तो नसेल तर सर्वांत मोठा तुकडा हाडापर्यंत चिरून पाहा. मांस गुलाबी किंवा रस लालसर दिसला, तर संकोच न करता पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा.

कच्चे राहू नये म्हणून काळे होईतो भाजणे, ही दुसऱ्या टोकाची चूक. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, बटाटा, पाव, बिस्किटे असे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर भाजले वा तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे रसायन तयार होते. माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांत त्याची गणना होते. पदार्थ जितका काळपट, तितके हे रसायन अधिक. मांस करपले की त्यातही अशीच घातक द्रव्ये तयार होतात. एखादा टोस्ट करपला म्हणून घाबरू नये. पण रोजची सवय सोनेरी रंगावर थांबण्याची असावी आणि करपलेला भाग खरवडून टाकावा. बटाट्याच्या फोडी भाजण्यापूर्वी १५ ते ३० मिनिटे पाण्यात भिजवून, निथळून, कोरड्या केल्या तर हे रसायन कमी होते आणि फोडी कुरकुरीतही होतात.

आता थोडे पथ्याविषयी. "डॉक्टर, मी तळलेले सोडले, आता फक्त नानकटाई खातो," असे एक मधुमेही गृहस्थ मला अभिमानाने सांगत होते. एक वाटी मैद्याला अर्धी वाटी तूप आणि जवळपास तेवढीच पिठीसाखर, हे नानकटाईचे प्रमाण. ओव्हनमध्ये ते तूप उडून जात नाही. एका ग्रॅम तुपात ९ कॅलरी असतात, मग ते कढईत असो वा ओव्हनमध्ये. खारी, पफ, केक यांचेही तसेच. तेल खरे वाचते ते तळणाचे पदार्थ भाजल्यावर. कटलेट, समोसे, बटाट्याच्या फोडी यांना तेलाचा नुसता हात लावून भाजावे.

ओव्हन वापरणाऱ्या भगिनींनी आणि बंधूंनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) ओव्हन निदान दहा मिनिटे आधी तापवा. तापल्यावर दिवा विझत असेल, तर तो विझल्यावरच पदार्थ ठेवा. व्होल्टेज कमी असेल तर याला अधिक वेळ लागेल.

२) गोठवलेली कोंबडी ओट्यावर न ठेवता आदल्या रात्रीपासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोल भांड्यात वितळू द्या. ती नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

३) तुकडे सारख्या आकाराचे करा आणि त्यांच्यात अंतर ठेवा. गर्दी झाली की पदार्थ भाजण्याऐवजी वाफवला जातो. अर्ध्या वेळाने तुकडे उलटा.

४) केक मधल्या कप्प्यात, साधारण १८० अंशांवर ठेवा. पहिली २० मिनिटे दार उघडू नका. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली की केक झाला.

५) कच्ची कोंबडी मुरवलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर लावू नका. कच्च्यासाठी वापरलेली सुरी, पाट आणि हात साबणाने धुवा.

६) लिंबू, टोमॅटो, चिंच लावलेले पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून भाजू नका. आंबटामुळे तो धातू अन्नात उतरतो.

७) उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना वाफा येईपर्यंत गरम करा.

८) ओव्हन मोठ्या, १६ अँपियरच्या, अर्थिंग असलेल्या प्लगवरच लावा.

एवढी काळजी घेऊनही जुलाब झालेच, तर जलसंजीवनीचे पाणी लगेच सुरू करा. शौचातून रक्त पडणे, मोठा ताप, लघवी कमी होणे, ग्लानी येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री अथवा वृद्ध असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जा.

ते चौघे जण आठवड्याभरात बरे झाले. परवा त्या बाई रक्तदाब तपासायला आल्या होत्या. आता कोंबडी भाजली की पहिला, सर्वांत मोठा तुकडा चिरून बघायचे काम आजीबाईंनी स्वतःकडे घेतले आहे म्हणे. त्या स्वतः मात्र अजूनही वरण-भातच खातात!